रिमूव्हलचा हिशेब: ब्रिकेटचा बॉयलर, हरित पट्टा, पऱ्हाटीचा बायोचार... कुठल्या रकान्यात काय?

हिशेबनीस (धागा लेखक)

मार्च संपला की अहवालांची लगबग सुरू होते आणि मसुद्यात एक वाक्य हमखास येतं: "आवारातील वृक्षांनी अमुक टन कार्बन शोषल्याने आमचं निव्वळ उत्सर्जन तमुक टन." तपासणीत हे वाक्य टिकत नाही. का टिकत नाही आणि त्याऐवजी काय लिहायचं, यासाठी हा धागा.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक कारखाना धरू. नागपूरजवळच्या बुटीबोरीत कापड प्रोसेसिंग. बॉयलर पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) आणि कुटाराच्या ब्रिकेटवर (दाबून केलेल्या इंधनाच्या विटांवर), वर्षाला १,००० टन. आवारात ४ हेक्टर हरित पट्टा: साग, कडुनिंब, करंज, थोडा बांबू. शेजारी पऱ्हाटीपासून बायोचार (कमी हवेत भाजून केलेला कोळसा, पुढे नुसतं 'चार') करणारी आपलीच भट्टी, आणि तो चार जातो करारातल्या कापूस शेतकऱ्यांच्या वावरात. शिवाय त्याच वावरांमध्ये मातीतला सेंद्रिय कर्ब वाढतोय, असं खरेदी विभागाचं म्हणणं.

पाया एवढाच. उत्सर्जन ढोबळ छापायचं. स्कोप १ (स्वतःचं थेट उत्सर्जन), २ (विकत घेतलेल्या विजेचं) आणि ३ (पुरवठादार-ग्राहकांच्या साखळीतलं) मधून काहीही वजा करायचं नाही. रिमूव्हल, म्हणजे हवेतून काढून साठवलेला कार्बन, वेगळ्या रकान्यात. हरितगृह वायूंच्या हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉलचं कॉर्पोरेट मानक (२००४ ची सुधारित आवृत्ती) असो की आयएसओ १४०६४-१:२०१८, शोषण आणि उत्सर्जन यांची खिचडी दोघांनाही चालत नाही. जीएचजी प्रोटोकॉलने सप्टेंबर २०२२ मध्ये जमीन आणि रिमूव्हलवरचा जो मसुदा आणला, त्यात रिमूव्हल मोजायच्या अटी कडक केल्या: साठ्यावर देखरेख चालू हवी, कार्बन कुठल्या जमिनीत बसलाय त्याचा माग हवा, त्या ठिकाणची प्रत्यक्ष माहिती हवी, अनिश्चितता किती ते सांगायला हवं, आणि साठा पुन्हा हवेत गेला तर त्याची नोंद करायला हवी.

रिमूव्हल म्हणजे हवेतून काढला आणि साठवला, दोन्ही. सोलर लावून महावितरणची वीज कमी घेतली, तर ते स्कोप २ मध्ये आपोआप कमी दिसतं. त्याला पुन्हा रिमूव्हलमध्ये आणू नका.

आता एकेक घेऊ. बॉयलरपासून सुरुवात करा कोणीतरी.

बॉयलरवाला

ब्रिकेटमध्ये दोन्ही बाजूंनी घोळ होतो. काही जण म्हणतात जैवभार आहे, उत्सर्जन शून्य. काही जण सगळा सीओटू स्कोप १ मध्ये टाकतात. दोन्ही चूक.

आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांचं हवामान मंडळ) ठोक गुणांक घेतले तर 'इतर घन जैवभार' या गटाला निव्वळ उष्मांक १,००० टनांमागे ११.६ टेराज्यूल. दर टेराज्यूलला सीओटू १०० टन, मिथेन ३० किलो, नायट्रस ऑक्साइड ४ किलो. म्हणजे आपल्या कारखान्याचं असं होतं:

सीओटू १,१६० टन. हा स्कोपच्या बाहेर, 'जैविक सीओटू' म्हणून वेगळा छापायचा. लपवायचा नाही.

मिथेन ३४८ किलो, गुणिले २८ (सीओटूच्या तुलनेत किती पट तापवतो तो गुणांक), म्हणजे सीओटूच्या मापात ९.७ टन. नायट्रस ऑक्साइड ४६.४ किलो, गुणिले २६५, म्हणजे १२.३ टन. ही २२ टनांची बेरीज स्कोप १ मध्ये. जैवभाराचा धूर असला तरी हे दोन वायू माफ नाहीत. (२८ आणि २६५ हे आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातले. सहाव्यातले घेतले तर सगळीकडे तेच घ्या, अर्धे इकडचे अर्धे तिकडचे नको.)

लॅबचा उष्मांक असेल तर तोच वापरा, पण एक बघा. पुरवठादाराच्या दाखल्यावर बहुतेक वेळा ढोबळ उष्मांक असतो, तोही किलोकॅलरीत. ३,८०० किलोकॅलरी म्हणजे १५.९ मेगाज्यूल. आयपीसीसीचे गुणांक निव्वळ उष्मांकावरचे आहेत. ओलावा आणि हायड्रोजनचा हिशेब करून निव्वळवर आणल्याशिवाय गुणाकार करू नका.

ब्रिकेटमध्ये कोळशाची भुकटी मिसळलेली निघाली तर तेवढा वाटा जीवाश्म, थेट स्कोप १. राखेचं प्रमाण आणि उष्मांक दोन्ही एकदम वाढलेले दिसले की लॉट बाजूला काढायचा आणि विचारायचं, काहून बाप्पा?

आणि हे १,१६० टन पिकाने आधी शोषलेच होते, म्हणून रिमूव्हलमध्ये दाखवा असा सल्ला देणारेही भेटतात. शोषले खरे, पण चिमणीतून गेले. साठा कुठे आहे?

वनपट्टा

हरित पट्ट्याबद्दल. मोजायचा तो साठ्यातला फरक, साठा नव्हे. उभ्या झाडांमधला सगळा कार्बन दरवर्षी छापणं म्हणजे बँकेतली शिल्लक दरवर्षी उत्पन्न म्हणून दाखवणं.

समजा मागच्या वर्षी जमिनीवरचा कोरडा जैवभार हेक्टरी ३८ टन होता, यंदा ४२. फरक ४, चार हेक्टरवर १६ टन. मुळांसाठी गुणिले १.२८ (उष्ण कटिबंधातल्या कोरड्या जंगलासाठी, हेक्टरी २० टनांवर जैवभार असेल तर आयपीसीसीचं मूळ-खोड गुणोत्तर ०.२८). गुणिले कार्बनचं प्रमाण ०.४७, गुणिले ४४/१२ (कार्बनचं वजन सीओटूच्या वजनात आणायला). उत्तर ३५ टन सीओटू. हेच कोणी पूर्ण साठ्यावर काढलं तर ३७० टन येतात. दहापट.

आणि ३५ टन मोठे वाटत असतील तर वरच्या बॉयलरचे फक्त मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड २२ टन आहेत, हे शेजारी ठेवून पाहा.

'एक झाड वर्षाला २२ किलो' हा फिरता आकडा कृपया वापरू नका. कोणतं झाड, किती वर्षांचं, जगलंय की नाही, काही कळत नाही त्यातून.

मोजणीची रीत: पट्टा मोठा असेल तर कायमचे नमुना-प्लॉट आखा, कोपऱ्यांना सिमेंटचे खुंट. प्रत्येक झाडाला क्रमांकाची पत्री. घेर १.३७ मीटर उंचीवर, आणि जिथे टेप लावला तिथे रंगाचा पट्टा मारून ठेवा. पुढच्या वर्षी टेप चार बोटं वर-खाली गेला तर वर्षभराची वाढ त्यातच बुडते. भारतीय वन सर्वेक्षणाची जातवार आकारमान-समीकरणं आहेत, त्यावरून आकारमान, मग लाकडाची घनता, मग जैवभार. बांबूला झाडाचं समीकरण लावू नका. बांबूच्या बेटात जुने तोडलेले आणि नवे फुटलेले कोंब यांचा हिशेब वेगळा, आणि साठा लवकरच एका पातळीला येऊन थांबतो.

मोजणी दरवर्षी एकाच महिन्यात करा. हिवाळा संपताना बरं पडतं, सागाची पानं गळलेली असतात, खोड स्पष्ट दिसतं.

मेलेली, वादळात पडलेली, विजेच्या तारांखाली छाटलेली झाडं वजा करायला विसरू नका. मे महिन्यात पाचोळ्याला आग लागली तर त्या वर्षी फरक उणे येऊ शकतो. उणे आला तर तो जमिनीच्या उत्सर्जनात जातो. शून्य लिहून सोडून देता येत नाही.

सीए_धंतोली

एक शंका. पर्यावरण मंजुरीच्या अटीतच हरित पट्टा लिहिलेला असतो. कायद्याने लावलेली झाडं रिमूव्हलमध्ये धरता येतात का? आणि शेजारचा झाडांचा प्लॉट विकत घेतला तर?

हिशेबनीस

इन्व्हेंटरीत, म्हणजे कंपनीच्या वार्षिक उत्सर्जन-नोंदवहीत, धरता येतात. इन्व्हेंटरी फक्त काय घडलं ते विचारते, कशामुळे घडलं ते नाही. कार्बन क्रेडिटला मात्र 'प्रकल्प नसता तर हे झालं असतं का' ही परीक्षा असते, आणि सक्तीचा हरित पट्टा तिथे नापास होतो. लोक या दोन वह्या एकच समजतात, निम्मे वाद तिथूनच निघतात.

ग्रीन क्रेडिट हे आणखी तिसरंच. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांखालचं ग्रीन क्रेडिट टनांत नसतं. ते रिमूव्हलच्या रकान्यात लिहू नका.

शेजारचा प्लॉट घेतला तर त्यावरची झाडं आधीपासून होतीच. हवेतून नवीन काही निघालं नाही, फक्त मालक बदलला. पायाभूत वर्षाचा साठा त्या प्लॉटसकट पुन्हा काढा आणि तिथून पुढचा फरक मोजा. जमीन घेऊन तिच्यावरची झाडं तोडून शेड बांधली असेल, तर जमीन-वापर बदलाचं उत्सर्जन येतं आणि त्यासाठी मागची २० वर्षं पाहावी लागतात.

काळीमाती

मातीचं सगळ्यात अवघड, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सूत्र सोपं आहे. सेंद्रिय कर्बाची टक्केवारी × मातीची घनता (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) × खोली (सेंटिमीटर) = हेक्टरी टन कार्बन. ०.५५ टक्के, १.३५ आणि ३० सेंटिमीटर धरले तर २२.३ टन.

आता आपली काळी माती. पाणी प्यायली की फुगते, एप्रिल-मेमध्ये भेगाळते. तीच माती ओलाव्याप्रमाणे १.३५ ऐवजी १.२५ घनतेची मोजली गेली तर उत्तर २०.६ टन. फरक १.६५ टन कार्बन, म्हणजे हेक्टरी ६ टन सीओटू, आणि कर्बाचा एक कणही इकडचा तिकडे झालेला नाही. वर्षाला हेक्टरी अर्धा टन कार्बन वाढला तरी पुष्कळ म्हणायचं अशा ठिकाणी हा भास तिप्पट मोठा आहे.

उपाय म्हणजे खोली न धरता मातीचं समान वजन धरायचं. पहिल्या वर्षी ३० सेंटिमीटरपर्यंत हेक्टरी ४,०५० टन कोरडी माती होती. पुढच्या वेळी घनता १.२५ आली तर तेवढीच माती ३२.४ सेंटिमीटरपर्यंत मिळेल, तिथपर्यंतचा कर्ब मोजा. म्हणूनच नमुने नेहमी ४० सेंटिमीटरपर्यंत घ्यायचे, दहा-दहाच्या थरांत वेगळ्या पिशव्या. फक्त ०-३० चा एकच काला करून आणला तर नंतर दुरुस्ती करता येत नाही.

दुसरा सापळा लॅबचा. वॉकली-ब्लॅक पद्धतीत सगळा सेंद्रिय कर्ब जळत नाही, साधारण ७७ टक्के पकडला जातो, म्हणून १.३ ने गुणतात. काही लॅब गुणून देतात, काही देत नाहीत, आणि मृदा आरोग्यपत्रिकेवर ते लिहिलेलं नसतं. पहिल्या वर्षी न गुणलेले ०.५५ आणि तिसऱ्या वर्षी गुणलेले ०.७१५ आले तर हेक्टरी २४.५ टन सीओटूची 'वाढ' कागदावर उगवते. ५०० हेक्टरवर १२,२५० टन. एवढी मोठी चूक कोणाच्याच डोळ्यांत येत नाही कारण आकडा सगळ्यांना आवडणारा असतो.

तिसरा चुनखडीचा. विदर्भातल्या बऱ्याच काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे आहेत. कोरड्या ज्वलनाच्या यंत्रावर नमुना थेट टाकला तर चुनखडीतला असेंद्रिय कार्बनही मोजला जातो. आधी आम्लाने चुनखडी काढा, किंवा असेंद्रिय कार्बन वेगळा मोजून वजा करा. आणि २ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेल्या खड्यांचं वजन व आकारमान घनतेतून काढायला विसरू नका.

एकच लॅब, एकच पद्धत, एकच हंगाम, तेच जीपीएस बिंदू. मातीतला बदल वर्षभरात दिसत नाही. पाच वर्षांच्या अंतराने मोजा. मधल्या वर्षांत मॉडेलचा आकडा वापरणार असाल तर मॉडेल याच मातीवर पडताळलेलं हवं. मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय इथेच नागपुरात अमरावती रोडवर आहे, निदान जमिनीचा प्रकार ठरवून नमुना-गट पाडायला त्यांचे नकाशे वापरा. वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्थाही आहे. परदेशातल्या गव्हाच्या रानावर बसवलेलं मॉडेल आपल्या कापूस-तुरीला लावून कशाला बसायचं?

तर धाग्यातल्या कारखान्यासाठी या वर्षी मातीचं रिमूव्हल: काही नाही. पहिली मोजणी झाली एवढंच लिहा.

भट्टी_मास्तर

ताईंनी माती निकालात काढली, आता बायोचार. पाच टप्पे, प्रत्येकात काय बिघडतं तेही सांगतो.

वजन. चार भट्टीतून काढून पाण्याने विझवतात, त्यामुळे काट्यावर जातो तो ओला माल. १०० टनांची पावती असेल आणि ओलावा ३५ टक्के, तर कोरडा चार ६५ टन. सगळ्यात महाग चूक इथे होते.

कार्बन. सेंद्रिय कार्बन लॅबमधून, समजा ६८ टक्के. ६५ × ०.६८ = ४४.२ टन. कोंड्याच्या चारला हा आकडा बराच खाली येतो, कारण धानाच्या कोंड्यात सिलिका भरपूर. आयपीसीसीचा ठोक आकडा लाकडासाठी ०.७७ तर धानाचा कोंडा-पेंढ्यासाठी ०.४९ आहे. भंडारा-गोंदियाकडून कोंडा आणून चार करणाऱ्यांनी पऱ्हाटीचा आकडा उसना घेऊ नये.

सीओटू. ४४.२ × ४४/१२ = १६२ टन.

टिकाऊपणा. १०० वर्षांनी किती उरेल याचे आयपीसीसीच्या २०१९ च्या सुधारणेतले गुणांक: ३५० ते ४५० अंशांत केलेला चार ०.६५, ४५० ते ६०० मध्ये ०.८०, ६०० च्या वर ०.८९. भट्टी ५०० अंशांवर चालत असेल तर १६२ × ०.८० = १३० टन. पण ५०० अंश हे पाटीवर लिहून भागत नाही, थर्मोकपलची (तापमान मोजणारी तार) नोंद हवी, लॉटवार. सोबत हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बनचं अणू-गुणोत्तर तपासून घ्या. ०.७ च्या वर असेल तर माल नीट भाजलेलाच नाही, त्याला चार म्हणून धरू नका.

ओलावा विसरला असता तर उत्तर १९९ टन आलं असतं. जवळपास ७० टन पाण्याचे.

पाचवं, भट्टीचा धूर. भट्टीतल्या वायूतला सीओटू जैविक, तो बॉयलरच्या १,१६० टनांसारखाच बाहेरच्या रकान्यात. मिथेन मात्र स्कोप १. वायू पुन्हा जाळणारी बंद भट्टी असेल तर मिथेन फार थोडा. उघड्या खड्ड्यात किंवा ओली पऱ्हाटी कोंबून केलं तर चित्र पालटतं. टन कोरड्या चारमागे ३० किलो मिथेन निसटला असं धरा: ६५ टनांना १,९५० किलो, गुणिले २८, म्हणजे ५४.६ टन. १३० मधले ५५ इथेच गेले. म्हणून पऱ्हाटी शेतातून आणल्यावर वाळवा, श्रेडरमधून बारीक करा, आणि ओलावा २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भट्टीत टाकू नका.

सीए_धंतोली

माझं मत वेगळं आहे. भट्टी आपलीच, तिचा धूर आपला, तर मग १३० मधून मिथेन, डिझेल, वीज वजा करून निव्वळ आकडाच छापावा. वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही.

हिशेबनीस

वजा केला तर दिशाभूल होते, साहेब. तुमच्या हातात आता दोन वह्या आहेत.

इन्व्हेंटरीची वही: रिमूव्हल १३० टन, ढोबळ. भट्टीचा मिथेन ५४.६ टन स्कोप १ मध्ये. पऱ्हाटी आणि चार वाहणाऱ्या स्वतःच्या गाड्यांचं ४,००० लिटर डिझेल × २.६८ किलो = १०.७ टन, स्कोप १. श्रेडर आणि ब्लोअरची २०,००० युनिट वीज × ०.७२७ किलो (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा सरासरी गुणांक) = १४.५ टन, स्कोप २. हे सगळं उत्सर्जनात आधीच आलेलं असताना रिमूव्हलमधूनही वजा केलंत तर तेच दोनदा मोजलं.

क्रेडिटची वही: १३० − ५४.६ − १०.७ − १४.५ = साधारण ५० टन. इथे निव्वळच काढायचं असतं, कारण क्रेडिट विकत घेणाऱ्याच्या पुस्तकात तुमच्या भट्टीचा धूर येत नाही.

एकाच चारचे दोन आकडे, १३० आणि ५०, आणि दोन्ही बरोबर. पण या वहीतला त्या वहीत गेला की चूक. अहवालात ढोबळ रेषा छापल्यावर खाली निव्वळ बेरीज द्यायची असेल तर खुशाल द्या, फक्त तीच एकटी देऊ नका.

भट्टी_मास्तर

स्कोपचाही प्रश्न आहे. चार ज्या मातीत गेला ती शेतकऱ्याची, कंपनीचा ताबा नाही. म्हणून १३० टन मूल्यसाखळीतलं, स्कोप ३ चं रिमूव्हल. हरित पट्ट्याचे ३५ टन मात्र स्वतःच्या जमिनीतले, स्कोप १ चं रिमूव्हल. दोन्ही एका आकड्यात मिसळू नका.

आणि काळीमाती ताईंच्या मोजणीशी इथे गाठ पडते. ज्या वावरात चार टाकला तिथे पाच वर्षांनी माती तपासली तर चारचा कार्बनही सेंद्रिय कर्बात दिसेल. तो १३० मध्ये एकदा धरलाय. मातीच्या हिशेबासाठी चार न टाकलेले तुलना-प्लॉट ठेवा, किंवा टाकलेल्या चारचा कार्बन वजा करा.

काळीमाती

बरोबर. शिवाय सगळी पऱ्हाटी उपटून नेली तर जमिनीत जाणारा काडीकचरा कमी होतो. गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नये हे खरं, पण शेतकरी ती जाळत होता की रोटाव्हेटरने गाडत होता, हे नोंदवून ठेवा. गाडत असेल तर नेलेल्या पऱ्हाटीने मातीचा साठा कमी होऊ शकतो आणि ती घटही मोजावी लागेल.

सीए_धंतोली

ढोबळचं पटलं. ती ५० क्रेडिटं विकली तर? उरलेले ८० टन आपले ना?

हिशेबनीस

नाही. ज्या लॉटवर क्रेडिट काढलं, त्या लॉटचं रिमूव्हल स्वतःच्या लक्ष्यासाठी वापरायचं नाही. उरलेले ८० टन भट्टीचा मिथेन, डिझेल आणि वीज भरून काढण्यात खर्च झालेत. तरच ग्राहकाला दिलेले ५० टन खरे राहतात. अहवालात रिमूव्हल दाखवा, शेजारी 'क्रेडिट म्हणून विकलेलं' असा रकाना ठेवा आणि तो लक्ष्याच्या हिशेबातून काढा.

उलट बाजूने, बाहेरून क्रेडिट विकत घेतली तर ती तुमच्या कोणत्याच स्कोपमधून वजा होत नाहीत. वेगळी छापा: कोणता प्रकल्प, कोणतं वर्ष, रजिस्ट्रीत रद्द केल्याचा क्रमांक. एसबीटीआयचं (कंपन्यांची हवामान-लक्ष्यं तपासणारी संस्था) जवळच्या मुदतीचं लक्ष्य असेल तर त्यातही विकत घेतलेली क्रेडिट चालत नाहीत. शिवाय त्यांच्याकडे जमिनीच्या लक्ष्यातलं रिमूव्हल ऊर्जा-उद्योगाच्या लक्ष्याकडे वळवता येत नाही. म्हणजे शेतातला चार दाखवून बॉयलरमधला कोळसा झाकता येणार नाही.

बॉयलरवाला

बीआरएसआरमध्ये (सेबीला द्यायचा शाश्वतता अहवाल) हे कुठे लिहायचं? तिथे रिमूव्हलचा रकाना दिसत नाही.

सीए_धंतोली

हे मी सांगतो. तत्त्व ६ मध्ये स्कोप १, स्कोप २ आणि उलाढालीमागची तीव्रता. तिथे ढोबळच. तीव्रतेच्या भागाकारात रिमूव्हल वजा करून टाकणं हा सर्वांत मोठा धोका, कारण बीआरएसआर कोअरची तपासणी नेमकी तिथे पडते. त्याच तत्त्वात 'हरितगृह वायू कमी करण्याचा प्रकल्प आहे का, तपशील द्या' असा प्रश्न आहे, तिथे चार आणि हरित पट्ट्याची माहिती टिपेसह द्यावी: पद्धत, गुणांक, मोजणीची तारीख. जैविक सीओटूही टिपेत.

पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर सक्तीचं आहे. तुमचं युनिट सूचीबद्ध नसलं तरी मोठा खरेदीदार तुमचे आकडे मागणारच, आणि तो मागेल तेव्हा निव्वळ आकडा पाठवला तर त्याच्या स्कोप ३ मध्ये चूक तुमच्यामुळे जाईल.

संत्राबाग

काटोल-नरखेडचा संत्रा घेणारी प्रक्रिया कंपनी असेल तर? बागा म्हणजे झाडंच की.

वनपट्टा

झाडंच, पण तोच नियम: फरक मोजा. वाढत्या बागेत साठा वाढतो, जुन्या बागेत जवळपास थांबतो. डिंक्याने किंवा पाण्याच्या टंचाईने बाग वाळून उपटली तर तो साठा उणे जातो, आणि लाकूड भट्टीत गेलं की सगळाच हवेत. कंपनीने फक्त नव्या बागांचं रिमूव्हल घेतलं आणि उपटलेल्या बागा 'आता तिथून माल येत नाही' म्हणून सोडल्या, तर हिशेब एकाच बाजूने वाढत जातो. खरेदीच्या सगळ्या गावांचं क्षेत्र धरा. आणि बागेतल्या नत्राच्या खतामुळे निघणारा नायट्रस ऑक्साइड स्कोप ३ मध्ये आलाय का तेही बघा, तो विसरून झाडं तेवढी मोजणारे बरेच.

बॉयलरवाला

बेसॉल्टची भुकटी शेतात टाकून रिमूव्हल मिळतं म्हणतात. आपल्याकडे गिट्टी क्रशरची डस्ट तर ढिगाने आहे.

काळीमाती

रसायन खरं आहे, जागा निवडायला हवी. बेसॉल्ट विरघळताना सीओटू बायकार्बोनेट होऊन पाण्यासोबत जातो. पण आपली काळी माती बेसॉल्टचीच, सामू ८ च्या आसपास, तिथे भुकटी सावकाश झिजते. वर चुनखडी पुन्हा बसली तर बायकार्बोनेटमधला निम्मा सीओटू परत सुटतो. पूर्वेकडच्या आम्लधर्मी धानपट्ट्यात जास्त अर्थ आहे. दळायची वीज, वाहतूक, भुकटीतले निकेल-क्रोमियम, आणि निचऱ्याच्या पाण्याची मोजणी, हे सगळं केल्याशिवाय इन्व्हेंटरीत एक किलोही लिहू नका. 'टाकली इतके टन' हा पुरावा नाही.

सीए_धंतोली

शेवटचं, तपासणीला कागद कोणते लागतील? आणि ३१ मार्चला चार गोदामात पडलेला असेल तर?

भट्टी_मास्तर

गोदामातला चार अजून रिमूव्हल नाही. तो उद्या वीटभट्टीवाल्याला इंधन म्हणून गेला तर जळून जाईल. मातीत मिसळला त्या तारखेला धरायचा. सुरुवातीचा साठा, उत्पादन, वाटप, शेवटचा साठा, असं चारचं स्टॉक रजिस्टर ठेवा, सगळं कोरड्या वजनात.

कागद: पऱ्हाटी आत आल्याची आणि चार बाहेर गेल्याची काट्याची पावती. प्रत्येक लॉटचा ओलावा. नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये, लागोपाठची दोन वजनं सारखी येईपर्यंत. ढिगाच्या वरून मूठभर घेऊ नका, वरचा भाग उन्हाने वाळलेला असतो, आतून चार-पाच ठिकाणचा घ्या. लॅबचा कार्बन आणि हायड्रोजन. थर्मोकपलच्या नोंदी. शेतकऱ्याचा सातबारा, गट क्रमांक, किती एकरात किती गोण्या, टाकतानाचा जीपीएस-तारखेचा फोटो. चार शेणखतात किंवा ओल्या मातीत मिसळून दिला तर तो चुलीत जात नाही, हाही फायदा.

करारनाम्यात दोन वाक्यं हवीतच. एक, या चारच्या कार्बनवर दावा कोणाचा, शेतकऱ्याचा, त्याच्या उत्पादक कंपनीचा की आपला. बदल्यात त्याला काय मिळणार तेही तिथेच. दोन, तोच गट क्रमांक दुसऱ्या कोणत्या कार्बन प्रकल्पात नोंदवलेला नाही. सध्या एकाच गावात दोन-तीन कंपन्यांची माणसं फिरतात, आणि तोच सातबारा तिघांच्या एक्सेलमध्ये सापडतो.

वनपट्टा

शेतकरी करार सोडून गेला तर त्याच्या बांधावरच्या झाडांचं काय, हे पण लिहा. चारचं ठीक आहे, टिकाऊपणाचा गुणांक आधीच लावलाय. झाडांवरची देखरेख थांबली की आतापर्यंत दाखवलेला साठा गेला असं धरून तो उलटवावा लागतो, झाडं उभी असली तरी. म्हणून बांधावरची झाडं मोजायला घेण्याआधी ठरवा, पुढची वीस वर्षं टेप घेऊन जाणार कोण आणि त्याचा खर्च कुठल्या बजेटात.

हिशेबनीस

करारात मुदतीनंतरही मोजणीला शेतात येऊ देण्याची परवानगी घालून ठेवता येते, निदान प्रवेश तरी राहतो. तर या कारखान्याचं पान असं दिसेल. स्कोप १ मध्ये बॉयलर २२, भट्टीचा मिथेन ५४.६, डिझेल १०.७, शिवाय बाकी जे असेल ते. स्कोप २ मध्ये भट्टीचे १४.५ अधिक कारखान्याची वीज. स्कोप ३ नेहमीप्रमाणे. बाहेर जैविक सीओटू १,१६० अधिक भट्टीच्या वायूचा. रिमूव्हल, स्वतःच्या जमिनीत ३५; मूल्यसाखळीत चारचे १३०, त्यातला जो लॉट विकला तो वेगळा दाखवून; माती, मोजणी सुरू. हरित पट्ट्याच्या ३५ पुढे नमुना-प्लॉटवरून निघालेली अनिश्चितता अधिक-उणे टक्क्यांत लिहा.

वनपट्टा भाऊ, चार हेक्टरला किती प्लॉट पुरतील?

वनपट्टा

चार हेक्टरला नमुना कशाला, सगळीच झाडं मोजा. दोन माणसं, एक टेप, एक वही. अनिश्चितता मग समीकरणाची उरेल, नमुन्याची नाही.